डोक्यातला गॅस संपला, की थर्मोस्टॅट बिघडला?

कॉम्प्रेसरवाला (नागपूर)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं कूलरचा पंप, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांच्यावर उत्तरं देत असतो. आज प्रश्न माझाच आहे अन् मशीनचा नाही. लांबलचक होणार, आधीच सांगून ठेवतो.

वय ४३. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन अन् एसीचा ट्रेड केला. नंदनवनात दुकान आहे. फेब्रुवारी ते जून मरायला फुरसत नसते, पावसाळ्यात माश्या मारतो.

एप्रिल २०२१ मध्ये मोठा भाऊ गेला. तेव्हा नागपुरात बेडसाठी काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. बेड मिळेपर्यंत त्याला घरीच ठेवलं, भाड्यानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून. त्या मशीनच्या पोटातही छोटा कॉम्प्रेसरच असतो. म्हणून मशीन माझ्या हवाली. "तू मेकॅनिक आहेस, तू बघ." मी तिच्याजवळच सतरंजी टाकून झोपायचो. तिसऱ्या रात्री पावणेचारला ती गरम होऊन ट्रिप झाली. मी आवाजानं नाही उठलो, आवाज थांबला म्हणून उठलो. मागचं कव्हर काढलं, फिल्टर धुळीनं गच्च झाला होता, तो झटकला, समोर टेबल फॅन लावला, परत चालू केली. सहा-सात मिनिटं गेली असतील. दुसऱ्या दिवशी बेड मिळाला. तिथं पाचव्या दिवशी दादा गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या सहा मिनिटांनी काही बदललं नसतं, फुफ्फुसंच राहिली नव्हती. मला पटलं. माझ्या हातांना नाही पटलं.

पुढची तीन-चार वर्षं बैलासारखं काम केलं. कोणाला काही दिसलं नाही, मलाही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून सुरू झालं. पहाटे पावणेचारला डोळे उघडतात, छाती धडधडते. फ्रिजचा कॉम्प्रेसर कट-ऑफ झाला, आपोआप बंद पडला, म्हणजे जे व्हायलाच पाहिजे ते झालं, की तळवे घामानं ओले. फ्रिज मेकॅनिकला कट-ऑफची भीती! हलवायाला साखरेची भीती बसावी तसं. दुकानात दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावून ठेवतो, शांतता ऐकू येऊ नये म्हणून. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात मल्टिमीटर हातातून पडला अन् मी फरशीवरच बसलो. त्या माउलीनं गूळ-पाणी दिलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी धंतोलीत सायकियाट्रिस्टकडे नेलं.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात घर करून बसणारा त्रास, अन् सोबत डिप्रेशन, असं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळीनं भरून निघेल." सर्ट्रालीन सुरू केली. हा तिसरा आठवडा. फरक म्हणाल तर पोट बिघडलं, बाकी शून्य.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट ऐका. फ्रिज थंड करत नाही म्हणून फोन येतो तेव्हा गिऱ्हाईक स्वतःच निदान सांगतं, "गॅस संपला असेल." गॅस काय पेट्रोल आहे संपायला? पाइप सगळा बंद असतो. लीक नसेल तर तोच गॅस वीस वर्षं फिरत राहतो. पण "गॅस भरला" म्हटलं की लोक निमूट पैसे देतात, म्हणून काही मेकॅनिक तेच सांगतात. "केमिकल कमी झालं" ऐकल्याबरोबर मला वाटलं, हा तर आपला धंदेबंधू निघाला. मोजलं कुठं? रक्त घेतलं नाही, गेज लावला नाही.

दुसरी गोष्ट. माझी आत्या पागलखान्यात होती. मनोरुग्णालय म्हणायला पाहिजे, कळतं मला, पण आमच्या गावात चौकालाच पागलखाना चौक म्हणून राहिले लोक, तोंडात तेच बसलं. बाळंतपणानंतर तिला नेऊन सोडलं अन् परत आणायचं राहून गेलं. घरात तिचा एक फोटो नाही. आजी म्हणायची, "रक्तातच आहे आपल्या." बाबाही भयंकर तापट होते.

म्हणून मी एक येडेपणा केला. मोबाइलवर जाहिरात पाहून डीएनए टेस्ट मागवली. थुंकी पाठवली, साडेचौदा हजार गेले. रिपोर्टात लाल अक्षरात आलं आहे: सेरोटोनिनचा जीन शॉर्ट-शॉर्ट, ताण सहन करण्याची क्षमता कमी, धोका जास्त. तो कागद मी गल्ल्यात ठेवला आहे, बायकोला दाखवला नाही.

कारण मुलगी. तेव्हा सहा वर्षांची होती, आता अकरावं लागलं. ती पण त्याच खोलीत झोपायची. तिच्यात काय गेलं माझ्याकडून? अन् असं म्हणतात की ताणानं जीनच बदलतात, ते खरं आहे काय?

---

तर्री_कमी

भाऊ, आधी तो कागद गल्ल्यातून काढ. गल्ला लक्ष्मीची जागा आहे बापा, तिथं काय लाल अक्षरं ठेवतो!

बाकी मला शास्त्रातलं घंटा कळत नाही. पण माझ्या साळ्याला अशीच गोळी सुरू होती. पहिला महिना तो पण शिव्या देऊन राहिला होता डॉक्टरला. दुसऱ्या महिन्यात एक दिवस स्वतःहून म्हणाला, चल पोहे खायला. एवढंच सांगतो. कस्तुरचंद पार्कजवळ कधी आला तर फोन कर, बसू.

---

विदर्भ_रोखठोक

कॉम्प्रेसरवाले, तुमचा संशय शंभर टक्के बरोबर. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र करून जाहीर केलं की सेरोटोनिन, म्हणजे तेच मेंदूतलं केमिकल, कमी झाल्यानं डिप्रेशन येतं याला ठोस पुरावाच नाही. तीस वर्षं कंपन्यांनी जगाला गंडवलं. गोळी आजच बंद करा. सकाळी अंबाझरीला चार चकरा मारा, प्राणायाम करा. आपले आजोबा कुठं गोळ्या खात होते?

---

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

ड्यूटीवरून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

गोळी आजच बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात. मग माणसाला वाटतं आजारच उसळला. सोडायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

रोखठोक, तुम्ही सांगितलेला आढावा खरा आहे, पण त्यात तपासलं काय होतं? सेरोटोनिनची कमतरता हे कारण आहे का, ते. गोळी काम करते का, हा वेगळा प्रश्न, अन् तो त्यांनी तपासलाच नव्हता. आजोबांचं म्हणाल तर कॉम्प्रेसरवाले भाऊंच्या आत्याला कुठं ठेवलं ते वाचलंत ना?

भाऊ, तुमच्या डॉक्टरांच्या वतीनं माफी. ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते तेव्हा "केमिकल कमी झालं" हे तीन शब्द तोंडात येतात. मीही वापरलेत. चूक आहे. तुमच्या मेंदूत सेरोटोनिन किती आहे ते मोजायची सोय ओपीडीत नाहीच.

आता यातली खरी गंमत. सर्ट्रालीन काय करते? एका पेशीनं सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेणारा पंप असतो, तो बंद करते. पहिल्याच दिवशी, काही तासांत. म्हणजे दुखणं नुसत्या कमतरतेचं असतं तर तुम्ही दुसऱ्या सकाळी बरे व्हायला हवे होतात. पण लागतात चार ते सहा आठवडे. का? एक कारण असं की सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवर स्वतःचेच पहारेकरी रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप पकडणारे कान, असतात. बाहेर साठा वाढलेला दिसला की ते पेशीला म्हणतात, दम धर. म्हणजे सुरुवातीला उत्पादनच घटतं. दोन-तीन आठवड्यांनी हे पहारेकरी बोथट होतात. दुसरं कारण त्याहून खोल आहे. घेणाऱ्या पेशीच्या आत तो निरोप केंद्रकापर्यंत जातो, अन् कोणते जीन जास्त वाचायचे, कोणते कमी, हे हळूहळू बदलतं. बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे, चेतापेशींच्या जोडण्यांना खत म्हणा. ते वाढतं, जोडण्या नव्यानं होऊ लागतात. रोपाला पाणी घातलं म्हणून संध्याकाळी फूल येत नाही.

म्हणजे तिसऱ्या आठवड्यात "बाकी शून्य" हे अपेक्षितच. पोटाचंही तसंच, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं, म्हणून आधी ओरडतं ते पोट.

आणि हो, पीटीएसडीला नुसती गोळी पुरेशी नाही. ट्रॉमावरची थेरपी विचारा. रात्री फार वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ लावा, मराठीत बोलतात, फुकट आहे.

---

खडू_फळा_निवृत्त

मी झूलॉजी शिकवत असे, चौतीस वर्षं. डॉक्टर नाही. औषधाचं डॉक्टरांनाच विचारावं. पण त्या डीएनए रिपोर्टाबद्दल मला बोलायचंय, कारण तो वाचून माझा संताप झाला आहे.

थोडं मागून येते. ही "केमिकल" कल्पना आली कुठून? त्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो. पुढे तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं. काही रुग्ण ते घेऊन उदास होताना दिसले, आणि प्राण्यांच्या मेंदूत पाहिलं तर सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिनचे साठे रिकामे झालेले. त्याच सुमारास क्षयावरच्या इप्रोनियाझिडनं न्यूयॉर्कमधले रुग्ण भलतेच उल्हसित झाले. ते औषध हीच रसायनं मोडू देत नाही. एक रिकामं करतं तर माणूस खचतो, दुसरं साठवतं तर माणूस फुलतो. एवढ्यावरून १९६५ पर्यंत सिद्धांत उभा राहिला. त्या काळच्या मानानं तर्क चुकीचा नव्हता. पण फार सरळ होता, आणि सरळ गोष्टी जाहिरातीत छान बसतात.

आता तुमचा "शॉर्ट-शॉर्ट", म्हणजे जीनचा आखूड प्रकार. हा जीन त्या पंपाचाच, जो सर्ट्रालीन बंद करते. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ८४७ तरुणांवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला: आयुष्यात आघात झाले असतील तर आखूड प्रकारवाल्यांना डिप्रेशन जास्त येतं. प्रचंड गाजला. मीही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवला, तेही मोठ्या आवेशानं. २००९ मध्ये चौदा अभ्यास एकत्र केले, तर संबंध दिसेना. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर असे अठरा "नामांकित" जीन तपासले. डिप्रेशनशी त्यांचा संबंध सहज उचललेल्या इतर जीनपेक्षा जास्त निघाला नाही. तुम्ही साडेचौदा हजार रुपये मोजून वीस वर्षं जुना, मोडीत निघालेला धडा विकत घेतलात. आणि एक विसंगती बघा. आखूड प्रकारात पंप कमी बनतात, म्हणून म्हणे धोका. आणि उपचार कोणता? पंप बंद करणं! हा प्रश्न मला तेव्हा एका मुलीनं वर्गात विचारला होता. मी तिला "पुढच्या तासाला बघू" म्हणून बसवलं. तो पुढचा तास काही आला नाही.

मग आजी म्हणायच्या ते खोटं का? पूर्ण नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के येतो. याचा अर्थ तुमच्या मुलीला ३७ टक्के धोका असा नाही. माणसा-माणसांत जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जीनच्या फरकांशी जोडता येतो, इतकंच. आणि तो एका जीनचा नसतो. शेकडो जागांवरचे बारीक फरक, एकेकाचं वजन खसखशीएवढं. आई-वडिलांपैकी एकाला डिप्रेशन असेल तर मुलांना शक्यता इतरांच्या दोन-तीन पट, म्हणजे तरीही बहुतेकांना होत नाही.

"ताणानं जीन बदलतात का?" अक्षरं बदलत नाहीत. वाचन बदलतं. तुमच्या यकृतात आणि मेंदूत तीच पोथी आहे. कुठली पानं उघडायची आणि कुठली चिकटवून ठेवायची, एवढ्यावर एक यकृत होतं नि दुसरा मेंदू. चिकटवायचा एक डिंक म्हणजे मिथाइल गट. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी २००४ मध्ये उंदरांवर दाखवलेलं मला अजून विलक्षण वाटतं. काही उंदरीण-आया पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. कमी चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जीनवर डिंक जास्त, म्हणून रिसेप्टर कमी, म्हणून ती जन्मभर दचकी. आया बदलल्या की पिल्लं वाढवणाऱ्या आईवर जातात, जन्मदात्रीवर नाही. खरा कळस पुढे आहे: मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडलं, तर तो डिंक सुटला आणि त्यांचं वागणंही बदललं. २००९ मध्ये त्यांनी माणसांत पाहिलं. आत्महत्या केलेले आणि लहानपणी छळ झालेले बारा, छळ न झालेले बारा, इतर कारणांनी गेलेले बारा. त्याच जीनवर डिंक जास्त होता तो पहिल्या बारांत. छत्तीस मेंदू म्हणजे फार थोडे, हेही सांगते.

आणखी एक जीन, एफकेबीपी५. ताण आला की मेंदूच्या तळातून निरोप निघतो, पिट्युटरीमार्गे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना जातो, त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल परत मेंदूत येऊन रिसेप्टरला धरतं आणि सांगतं, पोचलं, आता थांबा. ही जोडी थेट डीएनएवर जाऊन बसते आणि बरेच जीन चालू करते. त्यातलाच हा. त्याचं प्रथिन काय करतं? त्याच रिसेप्टरची कॉर्टिसॉल पकडायची ताकद कमी करतं. म्हणजे थांबा म्हणणाऱ्याच्याच कानात बोळे. थोडा वेळ हे ठीकच, मोजूनमापून. पण म्युनिकच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या चमूनं २०१३ मध्ये दाखवलं की एका विशिष्ट प्रकारचा हा जीन असेल आणि बालपणी आघात झाले असतील, तर त्यावरचा डिंक निघून जातो, आणि पुढे प्रत्येक ताणाला बोळे जास्तच बनतात. मोठेपणी झालेल्या आघातानं ती खूण तशी पडलेली दिसली नाही.

हे वाचून आता एफकेबीपी५ ची टेस्ट शोधू नका! यातून यंत्रणा कळते, भविष्य नाही.

मुलीबद्दल. त्या अभ्यासांत "बालपणीचा आघात" म्हणजे मारहाण, लैंगिक छळ, उपेक्षा. काका आजारी असताना घरची माणसं त्याच्याजवळ सतरंजी टाकून झोपली, हे तिनं पाहिलं. मी तरी ते त्या रकान्यात भरणार नाही.

---

कॉम्प्रेसरवाला (नागपूर)

मॅडम, तुमचं दोनदा वाचलं, मग दुकान बंद करून तिसऱ्यांदा. तो बोळ्यांचा मुद्दा वाचताना अंगावर काटा आला, कारण हा फॉल्ट मी रोज काढतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मागच्या पॅनलआड कॉइल असते. मशीन चालते तसं तिच्यावर बर्फ धरतो. धरणारच. तो वितळवायला छोटा हीटर असतो, ठरलेल्या वेळी लागतो. हीटर गेला की बर्फ साचत जातो. बर्फानं हवा अडते, खालच्या कप्प्यात थंडावा पोचत नाही, सेन्सरला वाटतं अजून गरमच आहे, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. थांबत नाही म्हणून बर्फ आणखी. म्हणजे मशीन स्वतःच्याच कामानं स्वतःचा कान बंद करते. गिऱ्हाईक म्हणतं गॅस संपला. गॅस पुरेपूर असतो!

अन् आणखी ऐका. असा फ्रिज गॅस भरायला नेला तर चालू पण होतो. कारण भरण्यासाठी तो चार-पाच तास बंद ठेवतात, तेवढ्यात बर्फ वितळतो. मेकॅनिक म्हणतो पाहा, गॅसच कमी होता. आठ-दहा दिवसांनी परत बोंब. रेसिडेंट ताई, तुम्ही म्हणता की गोळी लागू पडते पण कमतरता भरून निघाली म्हणून नाही, ते हेच ना? फायदा खरा, कारण भलतंच.

तर माझा बर्फ झाला आहे, असं समजू काय?

---

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

भाऊ, तुमचा बर्फ मी आमच्या सेमिनारला चोरणार आहे.

गोळीबद्दल बरोबर पकडलंत. फक्त दहा दिवसांनी बोंब मारणाऱ्या फ्रिजशी बरोबरी नको. गोळी ठरल्याप्रमाणे पुरेसे महिने घेतली तर पुन्हा उलटण्याचा धोका कमी होतो.

पण तुमची केस सगळी यात बसत नाही. बर्फाचं चित्र डिप्रेशनच्या काही रुग्णांना शोभतं. तिथं कॉर्टिसॉल चढलेलं अन् "थांबा" ऐकू न येणारं, असं खरंच सापडतं. पीटीएसडीमध्ये गंमत उलटी आहे. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांत १९८० च्या दशकात पाहिलं तर कॉर्टिसॉल कमीच निघालं. थर्मोस्टॅट जास्त हळवा, लवकर कट-ऑफ करणारा. पण धोक्याची घंटा, म्हणजे नॉरअॅड्रिनलिन, वाजतेच आहे. तळव्याचा घाम अन् धडधड तिचीच. सगळ्याच अभ्यासांत हे आलेलं नाही, म्हणून यावरून कोणाचं निदान करत नाहीत. तुम्हाला दोन्ही निदानं आहेत, तेव्हा तुमचा नेमका कुठला फॉल्ट ते मी इथं बसून सांगितलं तर मीही "गॅस संपला" वालीच ठरेन.

एक मात्र सांगते. मेंदूत बदामाएवढा अमिग्डाला असतो, त्यानं "आवाज थांबला म्हणजे दादा जातोय" ही गाठ मारली आहे. ती गाठ पुसता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी मारता येते: आवाज थांबला, काही झालं नाही. पुन्हा थांबला, काही झालं नाही. एक्सपोजर थेरपी ती हीच. रेडिओ मोठा लावून तुम्ही नेमकी ती दुसरी गाठ पडू देत नाही आहात.

---

सावनेरची

शास्त्राचं मला काही म्हणायचं नाही. आत्याबद्दल वाचून लिहायला बसले. माझी आई तिथं दीड वर्ष होती, मी आठवीत असताना. आम्ही दर रविवारी एसटीनं जायचो, डब्यात भाकरी अन् भरलं वांगं. आई घरी आली, नंतर सतरा वर्षं जगली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच केलं. तिच्या शेजारच्या कॉटवरच्या बाईकडे कोणीच यायचं नाही. आई अर्धी भाकरी तिला द्यायची.

बाळंतपणानंतर जे होतं ते आता ओळखतात, त्याला उपचार आहेत. तुमच्या आत्याला ते मिळालं नाही, त्यात रक्ताचा दोष कमी अन् घराचा जास्त. रागावू नका दादा.

---

कॉम्प्रेसरवाला (नागपूर)

रागावलो नाही ताई. आईला विचारलं. तिनं बराच वेळ भांडी घासली, मग आत्याचं नाव सांगितलं. मला आजवर नावही माहीत नव्हतं, सगळे नुसतं "ती" म्हणायचे. मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी सुरू झालं होतं. तो मुलगा कुठं आहे ते आईलाही ठाऊक नाही.

सहावा आठवडा चालू आहे. पावणेचारची जाग आठवड्यातून दोन-तीनदा येते, पूर्वी रोज होती. गोळी की आणखी काय, मी गेज लावलेला नाही. पोट ठिकाणावर आलं. तो कागद फाडला नाही, बायकोला दाखवला. ती म्हणाली, "साडेचौदा हजारात माझी पाटली झाली असती." झाली नसती, पण मी बोललो नाही.

थेरपीवाल्या मॅडमकडे तीनदा जाऊन आलो. गृहपाठ दिला आहे: रात्री रेडिओ बंद, घरच्या फ्रिजसमोर स्टूल टाकून बसायचं, कट-ऑफ होऊ द्यायचा, उठायचं नाही. पहिल्या दिवशी पोट्टीनं पाहिलं अन् विचारलं, बाबा फ्रिजसमोर काऊन बसला? मी खरं ते सांगितलं, तिला कळेल एवढं. तिला त्या रात्रीचं आठवतं. तिला आठवतं ते असं की बाबानं मशीन उघडली अन् दुरुस्त केली.

आता ती वहीत लिहून राहिली आहे. तीन रकाने आखले: वेळ, किती मिनिटं बंद, बाबाचा हात. तिसऱ्या रकान्यात ओला किंवा कोरडा, हात धरून तपासते. परवा सगळे ओले. काल सातपैकी दोन कोरडे, त्यातला एक मला संशयास्पद वाटतो कारण तिला झोप आली होती.

दुकानातला एक जुना थर्मोस्टॅट तिला खोलून दाखवला. त्यातला रेंजचा स्क्रू फिरवून पाहायचा हट्ट धरला, फिरवू दिला.

सीझन लागला आहे, उत्तरांना उशीर होईल. अन् कूलरच्या मोटरीचे प्रश्न या धाग्यावर टाकू नका, काल दोघांनी टाकलेत. वेगळा धागा काढा.